मोटारगाड्यांचाही पट असतो!

मुलांनो, गेल्या महिन्यात भूगोलाचा तास चालू होता. फ्रान्सचा नकाशा फळ्यावर काढला होता. पॅरिस दाखवलं, बोर्दो दाखवलं, आणि सहज बोलून गेलो की या दोन गावांमध्ये सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मोटारींची शर्यत झाली होती. झालं! भूगोल बाजूला राहिला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मोटारगाड्यायचाही पट रायते का?"

प्रश्न मला फार आवडला. आमच्या बोरी अरबकडची मुलं शर्यत म्हटलं की शंकरपटच समजतात. तुमच्यातल्या पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. शंकरपट म्हणजे आमच्या विदर्भातली बैलांची शर्यत. सुगी आटोपली की गावोगावी पट भरतात. हलका छकडा, त्याला दोन बैलांची जोडी, आणि वर एकच माणूस, म्हणजे धुरकरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर लांबलांबपर्यंत प्रसिद्ध. जोडी सुटते आणि तुम्ही 'अरे!' म्हणेपर्यंत पलीकडे पोचलेली असते. निकाल सेकंदांत लागतो, आणि सेकंदाच्याही शंभराव्या भागात.

तर उत्तर असं, की हो, मोटारगाड्यांचाही पट असतो. एक नाही, अनेक प्रकारचे असतात. आणि गंमत म्हणजे ते प्रकार समजून घ्यायला आपल्याला परदेशात जावं लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीच पुरतात.

बघा हं. शर्यत दोन रीतींनी लावता येते. एक म्हणजे घड्याळाशी. जुन्नर, खेड, मंचर या भागात चढाच्या घाटात गाडे पळवतात. एका वेळी एकच गाडा, पुढे घोडी, आणि सेकंद मोजायचे. ज्याला कमी वेळ लागला तो पहिला. दुसरी रीत म्हणजे एकमेकांशी. सातारा-सांगलीकडे मैदानात एकाच वेळी कितीतरी गाड्या शेजारी शेजारी सुटतात. जो पहिल्यांदा रेषा ओलांडेल तो जिंकला. तिथे डोळ्यांना निकाल दिसतो, आणि धक्का लागण्याचा धोकाही जास्त.

मोटारींचंही अगदी असंच. रॅलीमध्ये किंवा डोंगर चढण्याच्या शर्यतीत गाड्या एकेक करून सोडतात आणि वेळ मोजतात. ट्रॅकवरच्या शर्यतीत सगळ्या एकदम सुटतात. आणि पश्चिम महाराष्ट्रात 'आदत' म्हणजे ज्याला अजून पक्के दात आले नाहीत अशा खोंडांचा वेगळा गट असतो ना? तसेच मोटारींचेही गट असतात, ताकदीप्रमाणे. खोंडाला आणि मुरलेल्या बैलाला एकत्र पळवून कोण जिंकला म्हणण्यात अर्थ नाही, हे जगात सगळीकडे कळतं.

आता थोडं मागे जाऊ.

१८९४ साली फ्रान्समध्ये एका वर्तमानपत्रानं बिनघोड्याच्या गाड्यांची स्पर्धा जाहीर केली. पॅरिस ते रूआँ, १२६ किलोमीटर. नावं दिली १०२ जणांनी, आणि प्रत्यक्ष स्पर्धेला निघाल्या २१ गाड्या! (आपल्या स्नेहसंमेलनातल्या नाटकासारखंच.) सगळ्यात आधी पोचली ती वाफेवर चालणारी गाडी. पण तिला पहिलं बक्षीस मिळालं नाही. का? तर तिच्यात कोळसा घालायला वेगळा माणूस लागायचा. परीक्षक म्हणाले, आम्हाला चालवायला सोपी आणि सोयीची गाडी हवी, नुसती पळणारी नको.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, पॅरिस-बोर्दो-पॅरिस. अंतर ११७८ किलोमीटर. एमिल लव्हासोर नावाचे गृहस्थ ४८ तास ४८ मिनिटांत सगळ्यांच्या आधी परत आले. वाटेत त्यांच्या जागी गाडी चालवायला दुसरा माणूस ठेवला होता. पण लव्हासोर इतक्या लवकर पोचले, की तो अजून झोपलेला होता. मग हे तसेच पुढे गेले. दोन रात्री जवळजवळ एकट्यानं गाडी हाकली. त्यांनाही पहिलं बक्षीस नाही! नियमाप्रमाणे चार आसनांची गाडी हवी होती, यांची दोनच आसनांची.

आता त्यांचा वेग काढा पाहू. ११७८ भागिले ४८.८. ताशी २४ किलोमीटर. चांगल्या सायकलवाल्याचा वेग! पण रस्ते मातीचे, चाकं कडक, दिवे तेलाचे. याच शर्यतीत मिशेलँ बंधूंनी पहिल्यांदा हवा भरलेले टायर लावून मोटार पळवली. लोक हसले. आणि हसण्यासारखंच झालं. जवळच्या बावीस ट्यूब पंक्चर होता होता संपल्या. पण आज तुमच्या सायकलपासून एस.टी.पर्यंत सगळीकडे हवेचेच टायर आहेत.

गावाहून गावाला जाणाऱ्या या शर्यती लवकरच जीवघेण्या झाल्या. गाड्या शंभराच्या वेगानं पळू लागल्या आणि रस्त्यावर माणसं, कुत्री, गुरं तशीच. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक आणि बघे मिळून निदान आठ जण गेले. त्यात मार्सेल रेनॉ होते, ज्यांच्या नावाच्या 'रेनो' गाड्या आज आपल्याकडेही दिसतात, त्या कंपनीच्या संस्थापक भावांपैकी एक. सरकारनं शर्यत बोर्दोलाच थांबवली. गाड्यांची इंजिनं सुरूसुद्धा करू दिली नाहीत. घोडे जुंपून त्या ओढत स्टेशनवर नेल्या आणि रेल्वेत घालून परत पाठवल्या. बिनघोड्याच्या गाड्या, आणि शेवटी घोडेच आले कामाला!

तेव्हापासून विचार सुरू झाला, की शर्यत बंदिस्त जागेत घ्यावी. १९०७ साली इंग्लंडात ब्रूकलँड्स येथे खास मोटार शर्यतींसाठी ट्रॅक बांधला. आज जगभर असे ट्रॅक आहेत.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे मोटारी निघाल्या होत्या. पश्चिम भारतातल्या मोटारमालकांच्या संघटनेनं भरवलेली ती चाचणी. कोण वेगात पोचतं यापेक्षा कोणाची गाडी न बिघडता पोचते, हे बघायचं होतं. हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर हे यंत्र टिकेल का, असा प्रश्न तेव्हा खरोखरच लोकांना पडला होता. पुढे जुहूच्या विमानपट्टीवर शर्यती व्हायच्या. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती, तिथेही व्हायच्या. विमानांची धावपट्टी लांब, सरळ आणि रिकामी. ट्रॅक बांधायला पैसा नसेल तर याहून उत्तम काय? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास ट्रॅक झाला तो १९९० साली. कोइंबतूरला २००३ मध्ये, आणि दिल्लीजवळ बुद्ध इंटरनॅशनल सर्किट २०११ मध्ये. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली.

पण मला मुंबईची एक गोष्ट सांगायचीच आहे. ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

१९६८ सालच्या नोव्हेंबरात लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. जायचं होतं ऑस्ट्रेलियात, सिडनीला! साधारण सोळा हजार किलोमीटर. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, मग दिल्ली आणि दिल्लीहून मुंबई. वाटेत बऱ्याच गळाल्या. मुंबई बंदरात ७२ गाड्या 'चुसान' नावाच्या बोटीत चढवल्या आणि बोट त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे पुन्हा वाळवंटातून, जंगलातून शर्यत सुरू.

शेवटचा टप्पा आला. सिडनी आता अगदी जवळ. सगळ्यात पुढे होती बियांकी यांची सित्रोएन गाडी. बियांकी बाजूला बसले होते, जोडीदार चालवत होता. आणि समोरून एक छोटी मिनी गाडी आली. ती शर्यतीतली नव्हती, रस्त्यावरची साधी गाडी. समोरासमोर टक्कर! बियांकी आत अडकले, धूर निघू लागला.

मागून पहिली गाडी आली पॅडी हॉपकर्क यांची. आयर्लंडमधला हा नामांकित चालक, त्याला जिंकायची अजूनही आशा होती. आता सांगा, त्यानं काय करावं? सोळा हजार किलोमीटर आलोय. दहा हजार पौंडांचं बक्षीस. समोरचा बाद झालाय.

हॉपकर्क थांबला. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी आग विझवली, जखमींना मदत केली. तेवढ्यात अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर आली. तिला हातानं खूण करून पुढे जाऊ दिलं. कोवन जिंकले. हॉपकर्क दुसरा आला. आणि कोवन यांची गंमत ऐका. त्यांनी कंपनीकडे गाडी मागताना म्हटलं होतं, की मला शेवटचा नंबर येईल अशी गाडी द्या. त्यांचा हिशोब साधा होता. इतक्या लांब पाच-सहाच गाड्या पोचतील, मग त्यातली शेवटची तरी आपली असावी! म्हणजे वेगापेक्षा मजबुती हवी. हिशोब चुकला, पण किती छान चुकला.

अशा लांबच्या रस्त्यावरच्या शर्यतीला रॅली म्हणतात. भारतात १९८० साली पहिली हिमालयन रॅली निघाली, तीही आपल्या मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरून. आणि नाशिकजवळच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रॅलीत एक नाही, दोघे असतात. एक चालवतो आणि दुसरा वही वाचतो. 'शंभर मीटरवर डावं वळण, अवघड, पुढे खड्डा' असं त्यात आधीच टिपलेलं असतं. या वहीची एक मजेदार जुनी गोष्ट आहे. इटलीत १९२७ ते १९५७ या काळात मिल्ले मिल्या, म्हणजे 'हजार मैल', नावाची शर्यत व्हायची. १९५५ साली स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचे पत्रकार बसले होते. त्यांनी आधी सगळा रस्ता फिरून वळणं लिहून काढली. ती पट्टी इतकी लांब झाली, सुमारे पाच मीटर, की त्यांनी ती गुंडाळी करून एका डबीत बसवली आणि खिडकीतून वाचत, डबीवरची चकती फिरवत पुढे सरकवत गेले. गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी. दहा तास सात मिनिटं अट्ठेचाळीस सेकंदांत हजार मैल! सरासरी ताशी १५७ किलोमीटर, आणि तेही गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर. त्यांच्या गाडीचा क्रमांक होता ७२२. कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली होती. क्रमांकच वेळ सांगायचा. आहे की नाही युक्ती?

दोनच वर्षांनी याच शर्यतीत एका गाडीचा टायर फुटला, ती बघ्यांमध्ये घुसली. आतले दोघे आणि बघणारे नऊ जण गेले. त्या नऊ जणांत पाच मुलं होती, तुमच्याच वयाची. शर्यत कायमची बंद झाली.

आता येऊ या स्पोर्ट्स कारकडे. मुलं मला विचारतात, टी.व्ही.वर फॉर्म्युला वन बघतो, तीच स्पोर्ट्स कार ना? नाही. फॉर्म्युला गाडीची चाकं उघडी, बाहेर काढलेली असतात. बसायला एकच जागा, पुढे दिवे नाहीत. ती फक्त ट्रॅकसाठी जन्माला आलेली. स्पोर्ट्स कारची चाकं झाकलेली असतात, दिवे असतात, आणि मूळ कल्पना अशी की ही गाडी रस्त्यावरच्या गाडीची बहीण आहे. (आजच्या काही बहिणी फारच श्रीमंत घरी दिल्यासारख्या दिसतात, ते सोडा.)

या गाड्यांची सगळ्यात मोठी शर्यत फ्रान्समध्ये ल माँ नावाच्या गावी होते. २४ तासांची. शनिवारी दुपारी सुरू, रविवारी दुपारी संपणार. पहिली झाली २६ आणि २७ मे १९२३ रोजी. कल्पना अशी होती, की नुसता वेग काय बघायचा? रात्री दिवे टिकतात का, पावसात गाडी बंद पडते का, हे बघू. रस्त्यावरच्या माणसाला हेच तर हवं असतं. सुरुवातीच्या काळात गाडीचं कापडी टप चालकानं स्वतः चढवून दाखवावं, असासुद्धा नियम होता!

या शर्यतीत अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते. चोवीस तासांत जो सगळ्यात जास्त अंतर कापेल तो पहिला. एका फेरीचं अंतर सुमारे साडेतेरा किलोमीटर. एका गाडीला तीन चालक, आळीपाळीनं चालवतात. एका चालकानं एकूण चौदा तासांहून जास्त चालवायचं नाही, कारण झोप कोणालाच चुकत नाही. २०१० साली विजेत्या आउडी गाडीनं २४ तासांत ५४१० किलोमीटर कापले. आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे एका दिवसात नागपूर-मुंबई जवळजवळ आठ वेळा! पेट्रोल भरणं, टायर बदलणं, चालक बदलणं सगळं धरून.

आणि सगळे गट एकाच वेळी ट्रॅकवर असतात. सगळ्यात ताकदवान 'हायपरकार', आणि दुकानात मिळणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या 'जीटी'. वेगवान गाड्या रात्रभर हळू गाड्यांना ओलांडत राहतात. हळू गाडीवाल्याचं लक्ष आरशात, वेगवान गाडीवाल्याचं पुढे. मला तर या शर्यतीत जिंकणाऱ्याइतकंच कौतुक त्या मागच्या गटातल्या चालकांचं वाटतं. स्वतःची शर्यत लढायची आणि दुसऱ्याला वाटही द्यायची.

डिस्क ब्रेक माहीत आहे ना? बाबांच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला भोकं पाडलेली चकती असते ती. आधी सगळ्या गाड्यांना ड्रम ब्रेक असायचे. पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की बंद डब्यात उष्णता साचते आणि ब्रेक पकडेनासा होतो. उघडी चकती वाऱ्यानं थंड होते. १९५३ साली जग्वारनं डिस्क ब्रेक लावून ल माँ जिंकली, आणि त्यानंतर ही गोष्ट हळूहळू साध्या गाड्यांत आली.

ल माँची सुरुवात पूर्वी फार चमत्कारिक असायची. गाड्या ट्रॅकच्या एका कडेला तिरप्या उभ्या, आणि चालक समोरच्या कडेला. झेंडा पडला की चालकांनी पळत जायचं, उडी मारून बसायचं आणि सुटायचं. पोर्शे कंपनीनं तर किल्लीची जागा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठेवली. डाव्या हातानं इंजिन सुरू आणि उजव्या हातानं गिअर, म्हणजे अर्धा सेकंद वाचला. पण सेकंद वाचवायला लोक आणखीही काही वाचवू लागले. सीटचा पट्टा बांधायचाच नाही. पहिल्या फेरीत जमलं तर बांधायचा.

१९६९ साली जॅकी इक्स नावाचा चोवीस वर्षांचा चालक होता. झेंडा पडला. सगळे धावले. इक्स चालत गेला. हो, चालत, आपण सकाळी फिरायला जातो तसा. आरामात गाडीत बसला, पट्टा बांधला, आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. लाखो लोक बघत होते. त्याच पहिल्या फेरीत जॉन वूल्फ या चालकाच्या गाडीला अपघात झाला. त्यानं पट्टा बांधलेला नव्हता. तो गाडीबाहेर फेकला गेला आणि वारला.

आणि चोवीस तासांनंतर काय झालं? इक्स जिंकला! दुसऱ्या गाडीत आणि त्याच्यात अंतर होतं फक्त सव्वाशे मीटरच्या आसपास, आपल्या शाळेच्या फाटकापासून हातपंपापर्यंत असतं तेवढं. पुढच्या वर्षीपासून ती पळत जायची पद्धत बंद झाली. कुठे निवेदन दिलं नाही, भाषण केलं नाही. नुसता चालत गेला.

भारतातून ल माँमध्ये पहिल्यांदा प्रत्यक्ष शर्यत केली चेन्नईच्या करुण चंढोक यांनी, २०१२ साली, आणि त्यांची गाडी सहावी आली. त्यांच्या आधी २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन गेले होते. सराव झाला, नंबर लागला, आणि शर्यतीच्या आधी कठड्यावरून उडी मारताना पडले. खांदा निखळला! शर्यत त्यांच्या दोन साथीदारांनीच पुरी केली. ताशी तीनशेच्या वेगानं चालवणाऱ्या माणसाला काही झालं नाही, आणि कठड्यावरून उतरताना घात झाला.

ल माँच्याच नावावर मोटार शर्यतींच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवसही आहे. ११ जून १९५५. एक गाडी दुसरीवर आदळून उडाली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत पडले. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर स्वित्झर्लंड देशानं ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदीच घातली, आणि ती कित्येक दशकं टिकली. इतर देशांनी ट्रॅक बदलले, प्रेक्षकांना मागे नेलं, कठडे बांधले.

बंदी म्हटलं की आमच्या मुलांचे कान टवकारतात, कारण बंदी त्यांच्या घरात शिरलेली होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. का घातली, हे स्पष्ट सांगायला हवं. बैलांना टोचण्या, मारहाण, शेपटी पिरगाळणं, हे प्रकार होत होते. पट बंद झाले. ज्यांनी पोटच्या पोरासारखे बैल सांभाळले त्यांनाही झळ बसली आणि ज्यांनी छळले त्यांनाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयानं अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा योग्य ठरवला. आता बैल शर्यतीला योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, काठी-चाबूक चालत नाही, आधी परवानगी घ्यावी लागते. हे नियम प्रत्येक पटावर पाळले जातात का, हे बघणं पटाला जाणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे. ल माँचा चालक स्वतःच्या मर्जीनं गाडीत बसतो. बैलाला कोणी विचारत नाही. हा फरक माझ्या मनातून जात नाही.

राहिलेले प्रकार भराभर सांगून टाकतो. डोंगरचढ शर्यत म्हणजे घाट चढायचा, एकेका गाडीनं, घड्याळाशी. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेत चारशे मीटर, दोन गाड्या, दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. हीच आपल्या शंकरपटाच्या सगळ्यात जवळची. 'एकाच बनावटीची' शर्यत म्हणजे सगळ्यांना अगदी सारख्या गाड्या, मग फरक फक्त चालवणाऱ्यात. आणि विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई. पांढरकवड्यावरून हमरस्त्यानं सरळ दक्षिणेला गेलं की हैदराबाद लागतं ना, तिथे ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी ही शर्यत झाली. मुंबईच्या महिंद्रा कंपनीचा संघ तिच्यात २०१४ पासून, म्हणजे पहिल्या वर्षापासून आहे.

मोठे चालक सुरुवात करतात ती कार्टिंगपासून. कार्ट म्हणजे बुटकी, बिनटपाची छोटी गाडी. सात-आठ वर्षांची मुलंही बंदिस्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून, प्रशिक्षकासमोर चालवतात. आपल्या महाराष्ट्रात यात कोल्हापूर पुढे. तिथल्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. खर्च मात्र फार येतो, हे पालकांना आधीच सांगून ठेवतो. कमी खर्चाची दुसरी वाट आहे. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं स्वतः गाडी बनवून 'बाहा' नावाच्या स्पर्धेत उतरतात. २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला ती भरू लागली. तिथे गाडी पळवण्याआधी परीक्षक विचारतात, हा पाइप इथे का लावला, ब्रेक कसा मोजला? वेल्डिंग, गणित आणि जागरण, तिन्ही लागतात. ज्याला घरच्या पंपाची मोटार खोलून बघायची खोड आहे त्यानं हे नाव लिहून ठेवा.

आता पालकांसाठी चार ओळी. संध्याकाळी दारव्हा रोडवर दोन मोटारसायकली शेजारी शेजारी, एकेकीवर तिघे, हेल्मेट कोणालाच नाही, असं मी बघतो. चालवणारा कधीकधी माझाच जुना विद्यार्थी असतो, अजून मिसरूडही न फुटलेला. पॅरिस-माद्रिदच्या वेळी जे होतं तेच आपल्या रस्त्यावर आज आहे. समोरून एस.टी., बाजूनं कापसाची गाडी, मधे शेळ्या. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. 'पोरगं हुशार आहे, चालवते बरोबर' असं म्हणून किल्ली देणाऱ्या वडिलांनी ही ओळ दोनदा वाचावी.

मुलांनो, तुम्हाला शर्यत हवीच असेल तर एक देतो. रॅलीचा एक प्रकार आहे, त्यात जोरात जाणारा हरतो! आयोजक सांगतात, अमुक रस्त्यावर ताशी अमुक वेगानंच जायचं. वाटेत गुप्त ठिकाणी वेळ तपासणारे बसलेले असतात. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तर त्याहून जास्त दंड. जिंकतो तो, ज्याचा हिशोब बरोबर.

हीच शर्यत शाळेच्या मैदानावर पायी खेळा. दोनशे मीटरचा वळणावळणाचा रस्ता चुन्यानं आखा. वेग ठरवा, ताशी ४ किलोमीटर. किती सेकंद लागायला हवेत, ते तुम्हीच काढा. (उत्तर १८० सेकंद यायला हवं. नाही आलं तर किलोमीटरचे मीटर आणि तासाचे सेकंद करायला विसरलात.) खेळाडूकडे घड्याळ नको, मनात मोजायचं. दोघादोघांची जोडी करा, एक चालणारा, एक मोजणारा. उशिराच्या प्रत्येक सेकंदाला एक गुण दंड, लवकरच्या प्रत्येक सेकंदाला दोन. मधेच झाडामागे एक तपासनीस लपवा, पण तो कुठे आहे ते कोणाला सांगू नका. आमच्या सातवीच्या वर्गात सगळ्यात कमी दंड झाला तो चार गुण. तुमच्या शाळेत याहून कमी झाला तर पोस्टकार्डावर जोडीची नावं आणि दंड लिहून पाठवा. तपासनिसाची सही मात्र हवी.